छातीतला भंडारा

गार पत्रा उघड्या छातीला लागला आणि ज्योतीरामच्या अंगावर असा काटा उभा राहिला, की त्याच्यावर कुणी ओला सदरा वाळत घातला असता तरी तो खाली आला नसता. "हनुवटी वर. खांदे पुढं टाका. आता श्वास घ्या आणि धरून ठेवा," दाराआडून कुसुमताईंचा आवाज आला. कुसुमताई कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्स, आणि त्यांच्या आवाजात अशी जरब होती की रांगेतल्या दहा जणांनी उगाचच श्वास धरला. ज्योतीरामला निराळं काही करावं लागलं नाही. ताथवड्याच्या शाळेत मतदान झालं त्या दिवसापासून तो श्वास धरूनच होता. यंत्र म्हशीसारखं गुरगुरलं, कुठंतरी खट् झालं, कुसुमताई म्हणाल्या, "सोडा." पण सोडायचा कसा तेच त्याला आठवेना. छातीवर पत्र्याची गार चौकट तशीच राहिली, आणि त्या चौकटीच्या आत, बरगड्यांच्या मागं, आता काय उमटलं असेल हे दवाखान्यातल्या डॉक्टरला नसलं तरी त्याला पक्कं ठाऊक होतं. चिमूटभर भंडारा, काळा पडलेला.

बाहेर व्हरांड्यात सदरा घालताना त्याला गुंड्या सापडेनात. सयाजी शेजारी उभा राहून बिडी शोधत होता. हा सयाजी बीडकडचा, पिंपरीत खोली करून राहिलेला. दोघं बाटल्या धुण्याच्या खात्यात एका नळावर. "काय रे भावा, कशाला घाबरायलास? फोटोच तर काढला. आमच्याकडं जत्रंत पैसे देऊन काढतात." ज्योतीराम म्हणाला, "जत्रंतला फोटो वरनं काढत्यात." सयाजीला ते पटलं असावं, कारण तो पुन्हा बिडी शोधू लागला. औषधाचा हा सरकारी कारखाना माळावर उभा राहून फार दिवस झाले नव्हते, बुरशीतून औषध काढतात म्हणून आसपासच्या गावांनी आधी नाकं मुरडली होती आणि मग आपली पोरं तिथं चिकटवायला धडपड केली होती. ज्योतीराम हंगामी होता. कायम व्हायचं तर छातीचा फोटो स्वच्छ यायला हवा, असा नेम. आणि स्वच्छ नाही आला तर पुन्हा नाल्याकडची ती वीतभर जमीन, जिच्यात बियाणं टाकलं की चिमण्याही आधी विचार करत.

आता भंडाऱ्याचं सांगायला पाहिजे, आणि भंडाऱ्याचं सांगायचं तर दौलतरावांचं. दौलतराव ताथवड्यातलं मोठं प्रस्थ. चावडीत आधी त्यांची मिशी यायची आणि मग तिच्या मागोमाग ते. त्यांच्या शब्दावर गावची पोरं कारखान्यात लागली होती, आणि ज्यानं लावलं त्याला काढताही येतं, हे ते कधी बोलून दाखवत नसत; फक्त बोलता बोलता कारखान्याच्या धुराड्याकडं बघत. सत्तावन्न साली त्यांचे व्याही निवडणुकीला उभे राहिले. व्याह्यांचं चिन्ह शिडी. समोर नोकरी सोडलेला एक शाळामास्तर, त्याचं चिन्ह होडी. दौलतरावांनी जेजुरीहून भंडारा आणवला, घराघरातल्या माणसांना चावडीत बोलावलं, बायकांना देवळाच्या सभामंडपात निराळं, आणि प्रत्येकाच्या हातावर बेलाचं पान ठेवून चिमूटभर भंडारा तोंडात टाकायला लावला. शिडीच्या पेटीत मत टाकीन, खंडोबाची आण. पहिली चिमूट त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली, मिशीला पिवळा रंग लागला तो संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. पण एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. शपथ मोडणारी माणसं त्यांनी पाहिली होती, बहुधा आरशात. म्हणून मग त्यांनी यंत्राचं काढलं.

"कारखान्यात यंत्र आलंय," ते म्हणाले, "माणसाच्या आतलं समदं दिसतंय त्यात. एका शेटनं ल्हानपणी अंगठी गिळली हुती, ती म्हातारपणी दिसली, खड्यासकट. भंडारा खाऊन बेइमानी केली तर भंडारा आतल्या आत काळा पडतो. अन् इमान राखलं तर पांढरा सफेत, चांदीवानी चमकतो. पडदा लावून मत द्या न्हाई तर भुयारात जाऊन द्या. एक दिस त्या यंत्राफुडं समद्यांना हुबं ऱ्हावं लागंल." ही गोष्ट ताथवड्याहून निघाली तेव्हा एवढीच होती. मारुंजीला पोचली तोवर यंत्राला माणसाचं नाव घेऊन हाक मारता येऊ लागली होती, आणि देहूच्या बाजूला गेली तेव्हा काळ्या भंडाऱ्याचा माणूस यंत्रापुढं उभा राहिला की ते भोंगा वाजवतं असं लोक शपथेवर सांगत होते. कारखान्याचा भोंगा शिफ्टला वाजला की गावातली एकदोन माणसं दचकू लागली. ज्योतीराम हसला होता. भंडारा त्यानं गिळला होता, शिडीलाच मत द्यायचं होतं, त्याला भ्यायचं काय कारण होतं?

आणि मग ती घोंगडी. शाळेच्या दुसरीच्या वर्गात कोपरा अडवायला सरकारी पडदा कमी पडला म्हणून शाळेच्या शिपायाची घोंगडी खिळ्यांना अडकवली होती. ज्योतीरामच्या बोटाला शाई लागली, हातात कागद आला आणि तो घोंगडीमागं गेला. मेंढरांचा वास, जळक्या काटक्यांचा वास, बाकड्यावर दोन लोखंडी पेट्या. एकीवर शिडी, एकीवर होडी. बाहेर माणसं बोलत होती, कुणीतरी खोकत होतं, पण त्याला कुणी बघत नव्हतं. आधी तर त्याला हे कळलंच नाही. काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, पागोटं विसरून बाहेर पडावं तसं. घरात माणसं, रानात माणसं, कारखान्यात नळाशेजारी नळ. एकटा म्हणून तो कधी नदीला गेला तरी पलीकडच्या काठावर कुणीतरी बैल धूत असायचा. इथं कुणी नव्हतं. त्याला बापाचा हात आठवला. दौलतरावांच्या वडिलांनी एकदा गावचं गायरान आपल्याकडं घ्यायचं ठरवलं, चावडीत विचारलं, कबूल असंल त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले, बापाचा तेवढा मांडीवर राहिला, आणि तो सगळ्यांनी पाहिला. त्या साली पेरणीला कुणी बैल दिला नाही. न्हाव्याला त्यांच्या घराची वाट सापडेना. बापानं पुढं असा धडा घेतला की चावडीत कुणी घसा खाकरला तरी त्याचा हात वर जाई. कावळे हाकलताना, देवाला नमस्कार करताना, झोपेत, हात आपला वर. गावात अजून सांगतात की तिरडीवर बांधताना म्हाताऱ्याचा उजवा हात काही केल्या खाली राहीना, शेवटी त्यावर दगड ठेवला. ज्योतीराम घोंगडीमागं उभा होता आणि त्याला वाटलं, बापाला अशी एक घोंगडी मिळाली असती तर. मास्तराशी त्याचं देणंघेणं नव्हतं, होडीत तो उभ्या आयुष्यात बसला नव्हता. पण हात होडीच्या पेटीकडं गेला, कागद फटीतून आत पडला, फार हलका आवाज झाला. बाहेर आल्यावर दौलतराव दारातच उभे होते. ते हसले. ज्योतीरामही हसला, आणि हसताना त्याला घशात हळद लागली.

व्याही पडले. मास्तर निवडून आला. ताथवड्यात जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून शेजारच्या गावाला शिव्या देत होता. दौलतराव आठ दिवस चावडीत आले नाहीत, आले ते धुराड्याकडं बघत. त्यानंतर कारखान्यात बातमी आली, हंगामी माणसांचे छातीचे फोटो काढणार. हे सरकारी काम होतं, क्षयाचा तपास होता, दौलतरावांचा त्यात हात नव्हता. पण ज्योतीरामला ते कोण सांगणार आणि सांगितलं तरी छातीतल्या भंडाऱ्याला कोण सांगणार? रात्री कुशीवर वळलं की आत काहीतरी सरकल्यासारखं होई. बाटल्या धुताना काचेतून आरपार दिसे आणि तो बाटली घाईनं खाली ठेवी. कशी पारदर्शक असते बाटली, विचारायलाच नको तिला काही. माणसाला कातडी दिलीय ती कशासाठी? हे यंत्र करणाऱ्याला कधी कुणापासून काही लपवावं लागलं नसेल का?

फोटो काढून घरी आला त्या संध्याकाळी त्याची बायको शालन चुलीपुढं खोकत होती. हा खोकला दिवाळीपासूनचा; आधी कोरडा होता, आता बरगड्या धरायला लावत होता. कामगारांच्या घरच्यांचे फोटो दवाखान्यात फुकट काढत होते आणि खोकला जुना असेल तर काढाच, असं कुसुमताईंनी दोनदा बजावलं होतं. गेल्या आठवड्यात त्यानं तिला सांगून पाहिलं होतं. आज पुन्हा म्हणाला, "बाईच हाय फोटो काढायला. लाजायचं काय कारण न्हाई." शालन म्हणाली, "मी कुटं लाजतीय?" "मग?" "मला न्हाई काढायचा." "अगं पर खोकला..." "मेली तर मरंन, पर त्या यंत्राफुडं हुबी ऱ्हायची न्हाई. जेवा तुमी." एवढं बोलून तिला उबळ आली, तिनं पदर तोंडावर धरला आणि पाठ फिरवली. पदराखाली हलणारी तिची पाठ त्याला दिसत राहिली. त्याच्या खात्यातल्या एकाच्या बायकोचा असाच खोकला होता आणि ती पावसाळा पुरा बघू शकली नव्हती. हट्ट धरायला हवा होता, ओढत न्यायला हवं होतं. पण त्या यंत्राचं नाव स्वतःच्याच तोंडातून नीट निघेना, तो दुसऱ्याला काय ओढणार? उलट ती नाही म्हणाली तेव्हा क्षणभर त्याला बरंच वाटलं, घरात यंत्राची गोष्ट संपली म्हणून. आणि आपल्याला बरं वाटलं हे ध्यानात आल्यावर त्यानं अर्धी भाकरी तशीच ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं होतं. व्हरांड्यात तार बांधली होती आणि तिच्यावर कुसुमताई चिमटे लावून फोटो वाळत घालत होत्या. मावळतीचं ऊन त्यातून येत होतं. ज्योतीरामनं मान वर केली. काळं. प्रत्येक फोटोत बरगड्यांचा पिंजरा आणि पिंजऱ्यात दोन्हीकडं काळंभोर, जसं काही प्रत्येकानं दोन दोन कावळे गिळले होते. एक काळा, दुसरा काळा, शेवटपर्यंत काळेच. नाव कशावर दिसत नव्हतं. म्हणजे सगळ्यांनीच? रांगेत ताथवड्याची चौघं होती, त्यांचीही तोंडं वर होती आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सयाजी मात्र खूश होता. "ते बघ, ते मी," तो म्हणाला, "ते खांद्याजवळचं हाड वाकडं दिसायलंय ना? लहानपणी लिंबावरून पडलो होतो. काय झ्याक आलोय राव." ज्योतीरामनं पाहिलं. वाकड्या हाडाखाली तितकंच काळं होतं. "तू भंडारा कुटं खाल्ला हुतास?" त्याच्या तोंडून निघून गेलं. सयाजी म्हणाला, "कसला भंडारा? जेवायला कधी बोलावलं होतंस?" ज्योतीरामच्या डोक्यात काहीतरी सैल झालं. भंडारा न खाता हा काळा कसा?

डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. दिव्याच्या पेटीवर त्याची छाती लावलेली होती. आपण आत असे दिसतो, ज्योतीरामला वाटलं, एवढे पोकळ, आणि या पोकळीत एवढं सगळं मावलं कसं, बापाचा हात, घोंगडी, पेटीतला तो हलका आवाज. "काही नाही, उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. ज्योतीरामनं बोट पुढं केलं, त्या बोटाच्या नखाच्या कडेला शाईचा डाग अजून होता, म्हणून त्यानं ते घाईनं मागं घेतलं. "हे काळं जे हाय..." "ती हवा. श्वास घेतलात ना? हवा भरली की काळंच दिसतं. काळं दिसलं म्हणजे छाती स्वच्छ. पांढरा डाग दिसला असता तर काळजी होती." "काळं ते चांगलं?" "काळं ते चांगलं." "अन् दुसरं काई दिसतं का, सायेब? खाल्लेलं, पिलेलं, मनातलं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "मनातलं दिसलं असतं तर मी इथं नोकरी केली असती का? कायम झालात तुम्ही. जा." आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी, ज्योतीरामनं श्वास सोडला. असा सोडला की टेबलावरचे कागद उडाले, आणि कुसुमताई पुढं कैक वर्षं सांगत, की त्या संध्याकाळी वारा कुठून आला ते कळलंच नाही.

तो बाहेर आला आणि व्हरांड्यात दौलतराव. गावची पोरं कायम झाली की ते जातीनं बघायला यायचे, म्हणजे कुणामुळं झाली ते पोरांच्या लक्षात राहायचं. आज त्यांचं पोरांकडं लक्ष नव्हतं. फेटा मागं सरकला होता, ते तारेकडं बघत होते, आणि मिशीची दोन्ही टोकं खाली आली होती. "हे समदे आपल्याकडचे?" त्यांनी विचारलं. "कारखान्याचे," कुसुमताई म्हणाल्या, "तुमचाही खोकला ऐकू येतोय मघापासून. काढून टाकू या फोटो, या आत." "मला? न्हाई न्हाई. मला कसला खोकला," म्हणत दौलतराव दोन पावलं मागं झाले आणि त्यांना खोकला आला. "सदरा काढा आणि या." "बाई, मी म्हणतुय न्हाई काढायचा म्हंजी न्हाई." ज्योतीरामला हा आवाज ओळखीचा वाटला. कालच ऐकला होता, चुलीपुढं. त्यानं दौलतरावांकडं नीट पाहिलं. हा माणूस घाबरला होता. ज्यानं यंत्राची गोष्ट रचली, तीही अंगठीच्या खड्यासकट, तोच तिला बळी पडला होता; ती साऱ्या मावळात फिरून, भोंगा घेऊन, दुप्पट होऊन त्याच्याकडं परत आली होती. पण आपली छाती काळी निघायची भीती दौलतरावांना का वाटावी? पहिली चिमूट तर त्यांची. आणि मग ज्योतीरामला त्यांची लेक आठवली. दिवाळीला माहेरी आली ती सासरी गेलीच नव्हती, व्याह्यांनी नेलीच नव्हती, आणि दौलतरावांच्या घरावरून जाताना ती ओट्यावर खाली मान घालून बसलेली दिसे. व्याह्यांचा प्रचार करत हा माणूस गावोगाव हिंडला. पण घोंगडीमागं तोही एकटाच गेला होता.

हे कळलं तेव्हा ज्योतीरामच्या हातात काहीतरी आलं. दगड असावा तसं, मारता येण्याजोगं. बापाचा हात खाली दाबायला वापरला तसला. भरल्या व्हरांड्यात एक वाक्य बोललं असतं की पुरे. तो जवळ गेला आणि हळू म्हणाला, "दादा, काळं ते चांगलं असतं. आतली हवा हाय ती. डाक्टरनं सांगितलं. समद्यांचं काळंच येतं, भंडारा खाल्लेल्याचं अन् न खाल्लेल्याचं." दौलतराव त्याच्याकडं बघत राहिले. "समद्यांचं?" "त्या बीडवाल्याचंबी." "अन् भंडाऱ्याचं काई दिसत न्हाई?" "काई दिसत न्हाई." दौलतराव बाकड्यावर बसले, फेट्याच्या शेवटानं तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. मग विचारलं, "अन् तुझं कसं आलं?" "काळंच, दादा." दोघांची नजर एकदा भेटली आणि लगेच तारेवरच्या छात्यांकडं गेली. "ब्येस," दौलतराव म्हणाले. त्यांनी फेटा काढून बाकड्यावर ठेवला, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, आणि ज्योतीरामनं पहिल्यांदा पाहिलं की त्या मिशीखाली फार थोडा माणूस होता; बरगड्या मोजता याव्यात असा. "बाई," ते म्हणाले, "पत्रा लई गार असतो का वो?"

सायकल पवनेवरच्या पुलावरून जाताना तो मोठमोठ्यानं श्वास घेत होता आणि सोडत होता, नुसतं करून बघायला. काळी हवा आत, काळी हवा बाहेर. घरी शालन भाकरी थापत होती. तो उंबऱ्यावरच बसला. "कायम झालो." "बरं झालं," ती म्हणाली, पण हात थांबला नाही. "फोटू काळा आला." हात थांबला. "काळं ते चांगलं असतं," तो म्हणाला, "हवा हाय ती. यंत्राला दुसरं काई कळत न्हाई. भंडारा न्हाई, मत न्हाई. नुसता डाग हाय का न्हाई एवढंच." शालन मान वर न करता म्हणाली, "समद्यांचं काळं?" "समद्यांचं. दौलतरावांनीबी काढला." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी टम्म फुगली आणि तिच्या कडेतून वाफ सुटली, आणि नेमक्या त्याच वेळी शालननंही इतका लांब श्वास सोडला की चुलीतली राख हलली. "उद्या येते मग मी," ती म्हणाली. "सायकलीवर बसवून न्या."

त्याला आत्ता उमगलं. सभामंडपात बायकांना वाटलेला भंडारा त्याच्या ध्यानातच नव्हता. एवढे दिवस एका चुलीपुढं, एका वाकळेखाली, दोघं आपापला काळा भंडारा छातीत धरून बसलो होतो. आणि ती तर खोकल्यासकट. कुठल्या पेटीत टाकलंस, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले. आणि त्याला नाकाशी घोंगडीचा वास आला, मेंढरांचा, जळक्या काटक्यांचा. तिच्या बाजूनं ती घोंगडी कशी दिसली असेल? ती तिथं किती वेळ उभी राहिली असेल, तिला कुणाचा हात आठवला असेल? त्यानं तोंड मिटलं. मग म्हणाला, "दुसरी भाकरी टाक. भूक लागलीय."

सकाळी ती मागच्या कॅरिअरवर बसली, पदर दातात धरून. पत्रा छातीला लागला तेव्हा बंद दाराआडून "अगं आयव" असं ऐकू आलं आणि व्हरांड्यातले सगळे हसले, सगळ्यांनाच ठाऊक होतं किती गार असतो. फोटो वाळेपर्यंत दोघं थांबली, आणि छाती स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, चुलीचा धूर आहे, घराला खिडकी पाडा आणि हे औषध घ्या. परतीच्या वाटेवर शाळा लागली. शिपायानं घोंगडी धुऊन गडग्यावर उन्हात पसरली होती, चार टोकांना चार खिळ्यांची भोकं. ज्योतीरामनं तिकडं पाहिलं. मागं शालनचं बोलणं मध्येच थांबलं, म्हणजे तिनंही पाहिलं असणार. मग ती म्हणाली, "खिडकी कुठल्या अंगाला पाडायची?" आणि तो म्हणाला, "तू म्हणशील त्या."